आईला भेटून आला की तो बिथरतो. भेटी बंद करायला सांगाव्यात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सात वर्षांचा एक मुलगा पाच महिन्यांपासून फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे आईपासून काढून तात्पुरता दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला दिलेला, तुमच्या घरी राहतो आहे. दर पंधरा दिवसांनी केसवर्करच्या, म्हणजे त्याचं प्रकरण सांभाळणाऱ्या समाजकार्यकर्त्याच्या, देखरेखीखाली त्याची आई त्याला भेटते. भेटीच्या आदल्या रात्रीपासून तो चिडचिडा होतो. भेटीनंतर दोन-तीन दिवस अंथरूण ओलं करतो, तुमच्या मुलीची खेळणी फोडतो, उशीखाली बिस्किटं लपवतो. मधल्या दिवसांत मात्र आता कुठे रुळायला लागला होता. तर या भेटी थांबवायची विनंती करावी का? आणि मुळात या व्यवस्थेनं मुलांचं भलं होतं, की आहेत ती घरं मोडतात?

पुढची भेट जवळ आली असेल म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. भेटी बंद करायला सांगू नका. भेटीत त्याला कोणी धमकावत असेल, मारत असेल किंवा काही लपवून ठेवायला सांगत असेल तर गोष्ट वेगळी. तसा नुसता संशय आला तरी त्याच दिवशी केसवर्करला लेखी कळवा. पण तुम्ही जे लिहिलंय त्यात आईची भीती मला दिसत नाही. आईला सोडून परत येणं त्याला झेपत नाहीये, असं दिसतंय. वरून दोन्हींची लक्षणं सारखीच असतात, म्हणूनच इथे फसायला होतं.

मी स्वतः यात फसले आहे. फॉस्टर केअरच्या कामात मला बावीस वर्षं झाली. ही गोष्ट तिसऱ्या-चौथ्या वर्षातली. नऊ वर्षांची एक मुलगी आईला भेटून आली की चार-चार दिवस शाळेत कोणाशी बोलायची नाही. फॉस्टर पालक चांगले होते, काळजीपोटीच म्हणाले की भेटी थांबवा. मी अहवालात तसं लिहिलं आणि भेटी थांबल्या. पहिला महिना घर अगदी शांत. आम्हा सगळ्यांना वाटलं, जमलं. तिसऱ्या महिन्यात ती शाळेतून परस्पर बस पकडून जुन्या पत्त्यावर गेली. आईनं ती खोली कधीच सोडली होती. पोर रात्री साडेनऊपर्यंत बंद दारासमोरच्या पायरीवर बसून होती. मी घ्यायला गेले तेव्हा तिनं एवढंच विचारलं, ‘‘ती मेली का?’’

आम्ही तिला सांगितलं होतं, ‘आईला जरा बरं वाटू दे, मग भेटू.’ त्याचा तिनं लावलेला अर्थ तो होता.

पॉलीन बॉस या संशोधिकेनं अशा दुःखाला एक नाव दिलं आहे. मराठीत त्याला मी अधांतरी वियोग म्हणते. माणूस गेलेलं नाही, पण जवळही नाही. परत येईल की नाही, कोणी छातीठोक सांगत नाही. मृत्यूनंतर निदान रडायला मोकळीक असते, चार माणसं जवळ येऊन बसतात. इथे मूल रडलं तर लोक म्हणतात, ‘अरे, इथे तुला काय कमी आहे?’ मग ते रडायचं थांबतं आणि खेळणी फोडायला लागतं.

त्यात आणखी एक पेच आहे, आणि तुमच्या मुलाच्या बाबतीत मला तोच जास्त वाटतो. त्याला तुमच्याकडे आवडायला लागलंय, हीच त्याची पंचाईत आहे. पंधरा दिवस तो तुमच्या हातचं खातो, तुमच्या मुलीबरोबर हसतो, रात्री गोष्ट ऐकतो. मग आई समोर येते, तिचे डोळे भरलेले असतात आणि त्याच्या मनात येतं की आपण आईला विसरून मजा करत होतो. परत आल्यावर तो तुमच्यावर राग काढतो तो त्याचाच. तुमच्यावर जीव लावणं म्हणजे आईशी बेइमानी, असं त्याचं गणित झालेलं असतं. हे गणित खोटं आहे, हे त्याला शब्दांत सांगून फार उपयोग होत नाही. ते तुमच्या वागण्यात दिसावं लागतं.

ते कसं दिसतं, याचं एक उदाहरण सांगते. एक आई भेटीच्या खोलीत मुलासाठी नवा स्वेटर घेऊन आली होती. घडी उलगडून त्याच्या अंगाला लावला तर बाह्या कोपराच्या थोड्याच खाली. मूल नेलं त्या दिवशीचं माप तिच्या डोक्यात राहिलं होतं आणि मध्ये वर्ष उलटलं होतं. ती बाई स्वेटर हातात धरून नुसती बसून राहिली. मुलगा म्हणाला, ‘‘चालेल, मला घट्टच आवडतो,’’ आणि उरलेला पाऊण तास तो अंगात घालून बसला. घरी गेल्यावर त्यानं तो पलंगाखाली कोंबला आणि भिंतीवर डोकं आपटायला लागला. फॉस्टर आईनं मला फोन केला. चिडायचं सोडून तिनं तपशील विचारला आणि पुढच्या भेटीला मुलाच्या दप्तरातून एक चिठ्ठी पाठवली. त्यात त्याची उंची, कपड्यांचं माप, बुटांचा नंबर, आणि खाली एक ओळ: ‘हल्ली झोपताना उजव्या कुशीवर वळतो, लहानपणीही असाच झोपायचा का?’ आईनं मागच्या बाजूला उत्तर लिहून पाठवलं. त्या चिठ्ठ्या पुढे चौदा महिने, दर भेटीला, येत-जात राहिल्या. मुलानं त्यातली एकही वाचली नव्हती. पण आपलं दप्तर दोन्ही घरांमध्ये काहीतरी नेतं-आणतं, एवढं त्याला माहीत होतं. डोकं आपटणं दुसऱ्या-तिसऱ्या चिठ्ठीनंतर कमी झालं आणि मग थांबलं.

प्रत्येक घरात इतकं सरळ होत नाही. पण दोन घरांत वाट आहे हे दिसलं की मूल सैल होतं, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या ब्रिटिश दांपत्यानं १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात काही लहान मुलांचं बारीक चित्रीकरण केलं होतं. सगळ्यांच्या आया बाळंतपणासाठी रुग्णालयात गेल्या होत्या. त्यातलं एक मूल सतरा महिन्यांचं, नऊ दिवस एका निवासी पाळणाघरात राहिलं. तिथल्या परिचारिका वाईट नव्हत्या, पण पाळी बदलली की माणूस बदलायचं. ते एकेकीजवळ जाऊन पाहायचं, कोणीच पुरतं वाट्याला यायचं नाही. शेवटी ते एका मोठ्या खेळण्यातल्या अस्वलाला चिकटून बसलं. खाणं सोडलं. आई न्यायला आली तेव्हा तिच्याकडे न जाता किंचाळत राहिलं. दुसरं मूल, तेही सतरा महिन्यांचंच, रॉबर्टसन यांच्या घरी दहा दिवस राहिलं. ते आल्यावर त्याच्या झोपायच्या-खायच्या सवयी तशाच ठेवल्या होत्या, आईची आठवण मुद्दाम जागती ठेवली होती. हे मूलही कष्टी झालं, पण कोलमडलं नाही, आणि आई आल्यावर तिला लगेच बिलगलं. वय तेच, ताटातूट जवळपास तेवढीच. एकाला धरायला एक माणूस होतं आणि आईची आठवण काढायला मुभा होती. फॉस्टर केअर चांगली चालते तेव्हा नेमकी कशामुळे चालते, हे मला आजही या दोन मुलांवरूनच सांगावंसं वाटतं.

आता तुम्ही सांगितलेल्या वागण्याकडे येते.

अंथरूण ओलं होतं त्यावर काही बोलू नका. चादर त्याच्यासमोर पण सहजपणे बदला, सकाळी तुमच्या मुलीसमोर विषय नको. ते आपोआप कमी होईल. महिनोन्महिने झालं नाही किंवा दिवसाही व्हायला लागलं तर डॉक्टरांना दाखवा.

बिस्किटांचं मात्र मनावर घ्या. ज्या मुलाच्या घरी कधी खायला असायचं कधी नसायचं, त्याच्यासाठी लपवून ठेवणं ही अक्कलहुशारी होती. तिला चोरी म्हणू नका. त्याच्या नावाचा एक डबा करा. तो कायम भरलेला असेल, त्याला कधीही न विचारता उघडता येईल आणि घरातलं दुसरं कोणी त्याला हात लावणार नाही, असं सांगा आणि शब्दशः पाळा. सुरुवातीला तो डबा एका बैठकीत रिकामा करेल. पुन्हा भरा. काही आठवडे तो तुमची परीक्षा बघेल. मग एके दिवशी तुमच्या लक्षात येईल की डबा तीन दिवस भरलेलाच आहे. अधूनमधून, विशेषतः भेटीच्या सुमारास, उशीखाली पुन्हा बिस्किटं सापडतील. त्याला मागे गेलं समजू नका.

आणि तो तुम्हाला ढकलेल. ‘तू माझी आई नाहीस’ म्हणेल, जवळ घेतलं तर अंग आक्रसून घेईल. डेलावेअर विद्यापीठातल्या मेरी डोझिअर यांनी फॉस्टर घरांतल्या बाळांचं आणि पालकांचं निरीक्षण करताना पाहिलं की लहान मूल ‘मला तुझी गरज नाही’ असं वागतं, तेव्हा सांभाळणारं चांगलं माणूसही नकळत मागे सरतं. मग मुलाला वाटतं, आपला अंदाज बरोबरच होता. त्यांनी दहा बैठकींचं एक प्रशिक्षण तयार केलं, ते याच जागेवर काम करतं: मूल ढकलत असतानाही आपण हजर राहायचं. अंगचटीला जाऊ नका, त्याच खोलीत थोडं लांब बसा, आपलं काम करत राहा. ‘हो, तुझी आई तीच आहे. मी तुझ्याजवळ इथे बसले आहे,’ एवढं पुरतं.

तुमच्या मुलीचा उल्लेख तुम्ही एका ओळीत केला आहे. मला तिची चिंता त्याहून जास्त वाटते. फॉस्टर घरातल्या सख्ख्या मुलांना कोणी काही विचारत नाही. ‘तू समजूतदार आहेस’ हे त्यांना रोज ऐकावं लागतं. तिची आवडती दोन-चार खेळणी कुलपात ठेवायची मुभा तिला द्या आणि आठवड्यातला एक तास फक्त तिचा ठेवा. तो चुकवू नका, भेटीच्या आठवड्यात तर अजिबात नाही. तिला त्याचा राग येत असेल तर तो बोलून दाखवता आला पाहिजे, त्यासाठी तिला अपराधी वाटायला नको.

राहिला तुमचा मोठा प्रश्न, व्यवस्थेचा. यात मला ठाम बोलायचं आहे, पण एका वाक्यात नाही बोलता येत.

लहान मुलांना संस्थेपेक्षा कुटुंब मिळायला हवं, याबद्दल आता वाद उरलेला नाही. रुमानियात बुखारेस्टमधल्या अनाथालयांतली १३६ मुलं, वय सहा ते एकतीस महिने, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागली गेली. एक गट होता तिथेच राहिला, दुसऱ्याला प्रशिक्षित फॉस्टर घरं मिळाली. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांच्या या अभ्यासात कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, वाढ आणि माणसांशी जोडलं जाणं हे सगळं सुधारलेलं दिसलं, आणि साधारण दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचं अधिक. पुढे मुलं बारा वर्षांची झाली तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली: जी त्याच पहिल्या फॉस्टर घरी टिकली ती मनानं बरी होती, ज्यांची घरं बदलत गेली त्यांचा फायदा बराचसा विरला होता. घर बदलणं म्हणजे मुलासाठी पुन्हा एकदा पहिल्या दिवसापासून सुरुवात, आणि दर वेळी थोडा कमी विश्वास ठेवून. म्हणून कोणी फॉस्टर पालक ‘आम्हाला झेपत नाही’ म्हणाले की मी आधी त्यांना मदतीचे हात मिळवून देते, दुसरं घर शोधायच्या आधी.

पण तुमचा मुलगा संस्थेतून आलेला नाही, आईकडून आलाय. तिथे प्रश्न बदलतो: या मुलाला आईकडून काढायलाच हवं होतं का? जिथे जिवावर बेतलेलं असतं तिथे कोणी हा प्रश्न विचारत नाही. प्रश्न असतो तो मधल्या मुलांचा, ज्यांच्याबाबत एक अधिकारी ‘न्या’ म्हणेल आणि दुसरा ‘राहू दे’ म्हणेल. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात जोसेफ डॉयल यांनी नेमकी अशी मुलं अभ्यासली आणि २००७ मध्ये दाखवलं की त्यांतली घरीच राहिलेली मोठेपणी जास्त बरी निघाली: गुन्ह्यांत कमी सापडली, कमाई चांगली. पंधरा वर्षांनी, २०२२ मध्ये, मिशिगन राज्यातल्या अशाच मुलांवरचा मॅक्स ग्रॉस आणि जेसन बॅरन यांचा अभ्यास आला आणि त्यात उलटं दिसलं. फॉस्टर केअरमध्ये गेलेल्यांची पुन्हा हेळसांड कमी झाली, शाळेतली हजेरी आणि गणिताचे गुण वाढले. मी हे दोन्ही शेजारी ठेवून वाचते. मिशिगनमधली बहुतेक मुलं वर्ष-दोन वर्षांत आपल्या घरी परतली होती आणि त्यांची प्रगती परतल्यानंतर दिसू लागली. मधल्या काळात आईवडिलांना सावरायला मिळालेला वेळ हे त्यामागचं मोठं कारण असावं, असं अभ्यासकांनी मांडलं आहे. माझ्या अनुभवाशी ते जुळतं. मूल बाहेर असताना आईवर काम झालं तर फॉस्टर केअर फळते. मूल सुरक्षित ठेवलं आणि आईला वाऱ्यावर सोडलं तर आपण फक्त ताटातूट केलेली असते.

ही व्यवस्था वाईट वळणावर गेली तर किती वाईट जाते, तेही विसरता येत नाही. १९४५ मध्ये इंग्लंडमधल्या एका शेतावर फॉस्टर केअरमध्ये ठेवलेला बारा वर्षांचा मुलगा मारहाणीनं आणि उपासमारीनं गेला. त्याच्याकडे वेळेवर जाऊन पाहणारं कोणी नव्हतं. त्या प्रकरणाचा धक्का १९४८ च्या बालक कायद्यामागे होता. भेटीला येणाऱ्या केसवर्करचा तुम्हाला कधी जाच वाटला, तर ती भेट अशा मुलांमुळे सुरू झाली हे लक्षात ठेवा. ऑस्ट्रेलियात आदिवासी मुलांना पिढ्यान्‌पिढ्या घरातून उचलून संस्थांत आणि गोऱ्या कुटुंबांत टाकलं गेलं. १९९७ च्या चौकशी अहवालात त्याची नोंद झाली आणि १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली. उचलणाऱ्यांपैकी अनेकांना तेव्हा आपण मुलांचं भलंच करतो आहोत असं वाटत होतं. संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हणूनच स्पष्ट आहे की निव्वळ गरिबी हे मूल काढून घेण्याचं कारण होऊ शकत नाही आणि भावंडांची ताटातूट टाळावी. हेळसांड आणि गरिबी लांबून एकसारख्या दिसतात. घरात खायला नाही याला एक पिशवी किराणा आणि महिनाभराचा आधार हे उत्तर असतं. नशेत पडलेल्या आईच्या शेजारी उपाशी बाळ, याला नसतं. हा फरक दारात उभं राहून कळत नाही, आत जाऊन बसावं लागतं.

तुमच्या मुलाच्या आईबद्दल तुम्ही लिहिलंय की ती दोनदा उशिरा आली आणि एकदा आलीच नाही, म्हणजे तिला किंमत नाही. असेलही. पण आधी तिचा आठवडा विचारून घ्या. कामावरची पाळी, व्यसनमुक्तीच्या तपासण्या, पालकत्वाचे वर्ग, वकील, न्यायालय, भाड्याच्या घराचा शोध, आणि या सगळ्याच्या वेळा दुसऱ्यांनी ठरवलेल्या. एकीकडे चुकलं की दुसरीकडे नोंद होते. अमेरिकेच्या १९९७ च्या कायद्यानुसार शेवटच्या बावीस महिन्यांपैकी पंधरा महिने मूल फॉस्टर केअरमध्ये राहिलं, की काही अपवाद सोडता पालकांचे हक्क संपवण्याचा अर्ज करावा लागतो. मुलं वर्षानुवर्षं लटकत राहू नयेत हा हेतू रास्त आहे. पण व्यसन सुटायला, घसरून पुन्हा सावरायला किती वेळ लागतो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना पंधरा महिने किती थोडे असतात ते कळेल. न झालेल्या भेटींपैकी काही भेटी अशाही असतात की आई फाटकापर्यंत येते आणि परत जाते, कारण पुन्हा एकदा मुलाला सोडून निघणं तिला त्या दिवशी सहन होणार नसतं. माझ्यासमोर दोन आयांनी हे कबूल केलं आहे.

ती आली नाही त्या दिवशी मुलाला सबबी सांगू नका आणि तिला दोषही देऊ नका. ‘आज ती येऊ शकली नाही. का ते मला माहीत नाही. तुला वाईट वाटतंय ना, मलाही वाटतंय.’ मग त्याला घेऊन बाहेर चालायला जा. चालताना मुलं बोलतात, समोरासमोर बसवलं की नाही बोलत.

पुढच्या भेटीसाठी तीन-चार गोष्टी करून पाहा. आदल्या दिवशी काहीही नवं ठरवू नका, पाहुणे नकोत. त्यानं काढलेलं एखादं चित्र किंवा शाळेचा कागद आईला द्यायला त्याच्याच हातात द्या. भेटीनंतर लगेच घरी नेऊ नका, मध्ये अर्धा तास कुठेतरी मोकळं फिरू द्या आणि ‘कसं झालं?’ असं विचारू नका. त्याच्या पलंगाजवळ आईचा फोटो लावा, त्यानं मागितला नसला तरी विचारून लावा. केसवर्करच्या संमतीनं ती चिठ्ठीही सुरू करा. पहिली चिठ्ठी छोटी असू द्या, आणि तिच्यात उत्तर देता येईल असा एक प्रश्न असू द्या, कारण त्या बाईला बऱ्याच दिवसांत कोणी तिच्या मुलाबद्दल काही विचारलेलं नसेल.

शेवटी तुम्ही विचारलंय की ‘मी घरी कधी जाणार?’ असं तो रात्री विचारतो तेव्हा काय सांगायचं. तारीख सांगू नका, ‘लवकरच’ही नको, लवकरच म्हणजे त्याच्यासाठी उद्या. असं म्हणा: ‘ते न्यायाधीश ठरवणार आहेत, अजून त्यांनी ठरवलेलं नाही. ठरलं की त्याच दिवशी मी तुला सांगेन, तुझ्यापासून लपवणार नाही. उद्या सकाळी तू इथेच उठणार आहेस, शाळेत जाणार आहेस, आणि दुपारी न्यायला मी येणार आहे.’ आणि दुपारी पाच मिनिटं आधी जाऊन उभ्या राहा.